सत्यभामाबाईच्या मिऱ्यांची व्यवस्था

मी, जागेश्वर यादोराव तितिरमारे, वय वर्षे बाहत्तर, धंदा पूर्वी राईस मिलचा मिस्त्री आणि आता काहीच नाही, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते एकोणपन्नास वर्षांपासून वेगळेच असल्याने इथे धरलेले नाही. मला कोणी धमकावलेले नाही, दारूही पाजलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. तसेही ते उंदरांनी खाल्ले आहे.

कलम १. मिलच्या मागच्या गल्लीतले माझे स्वकष्टाचे घर, दोन खोल्या, पडवी व स्वयंपाकघरासह, माझ्या पश्चात पत्नी सत्यभामाबाई हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. ते ठेवायचे, विकायचे की त्यात म्हशी बांधायच्या, हे तीच ठरवेल. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

हे पहिले कलम का, तर आमचा मुलगा निकेश, राहणार नागपूर, दिवाळीत म्हणाला, "बाबा, तुमच्यामागं आईचं कसं होईन? तिचा हात चालून नाही राहिला. घर विकून टाकू, मी तिले घेऊन जातो." मी समोर जिवंत बसून चिवडा खात होतो. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये आईला स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाहीत, बसून खा म्हणतात. तिच्यासाठी ही शिक्षा आहे, आणि तिने कोणाचा खून केलेला नाही.

कलम २. हात चालत नाही हे अर्धे खरे आहे. उजवे मनगट संधिवाताने धरले आहे. भात, वरण, भाजी ती डाव्या हाताने रेटून नेते. अडते ते एकाच ठिकाणी. मासोळीचा रस्सा उतरवताना वरून ताजे भरडलेले काळे मिरे पडले नाहीत, तर ती तो रस्सा वाढतच नाही. एकदा पाकिटातली पूड आणली तर म्हणाली, "हे मिरे होय का मिऱ्याचा फोटो?" ते पाकीट शेजारच्या कोंबडीनेही खाल्ले नाही.

कलम ३. मनगटाच्या या अवस्थेस माझा साळा भैय्यालाल, राहणार कारधा, जबाबदार आहे. सन २००९ मध्ये स्वतःच्या पोरीच्या लग्नाला त्याने आमचा लोखंडी खलबत्ता नेला. खल परत आला, बत्ता आला नाही. तेव्हापासून सत्यभामा नदीतल्या गोट्याने मिरे कुटत आली. मी विचारले की तो म्हणतो, "भाटवे, पाहून राहिलो न." सोळा वर्षे पाहून राहिला आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे ऐकले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ४. मनगट गेल्यावर मी मिरे दळायची गिरणी शोधू लागलो. अडतीस वर्षे मिल चालवलेल्या माणसाला एवढीशी गिरणी निवडता येऊ नये, ही माझी बेइज्जती पुढच्या पिढीच्या उपयोगासाठी लिहून ठेवतो.

पहिली भंडाऱ्याच्या प्रदर्शनातली. काचेची बाटली, प्लास्टिकचे दात. महिन्याभरात दात झिजले आणि ते आम्हीच खाल्ले. दुसरी लाकडी, हातभर उंच. चुलीजवळच्या वाफेने लाकूड फुगले, ती फिरेना. हल्ली ती दाराला टेकण म्हणून लावतो. तिसरी निकेशने पाठवलेली, सेलवर चालणारी. बटण दाबले की दळते. जिला फिरवावे लागत नाही ती गिरणी कसली? मी म्हणालो, भंगारात टाक. सत्यभामा म्हणाली, "टाकली."

चौथी पितळेची, नागपूरच्या इतवारीतून आणलेली. पोलादी दात, भरायला रुंद तोंड, कसलेला स्क्रू जागचा हलत नाही. घ्यायचीच तर अशी घ्यावी. पण मी ती बारीक दळेल अशी लावली. मिलमध्ये तांदळाचा दाणा तुटला, त्याची कनकी पडली, की मालक माझ्या सात पिढ्या काढायचा. तेव्हा तुटका दाणा म्हणजे पाप, हे माझ्या हाडात बसलेले. मी अभिमानाने काजळासारखी पूड समोर ठेवली. ती म्हणाली, "अजी, तुमची मिल सुटली आता. मले कनकीच पाह्यजे." तीन आठवडे भांडलो, मग स्क्रू सैल केला. रस्सा चांगला झाला. मी दोनदा मागून घेतला.

कलम ५. माझी सर्व हत्यारे मिलच्या नव्या मिस्त्रीस द्यावीत. त्याच्या मशीनचा आवाज ऐकून मला कीव येते.

कलम ६. पितळी गिरणी निकेशला. महिन्यातून एकदा तुमसरला यावे, आईसमोर बसून दहा फेऱ्या स्वतःच्या हाताने फिरवाव्यात. ती सांगेल तेवढेच भरड.

कलम ७. आता एक गोष्ट, जी मी जिवंतपणी बोलणार नाही. मागच्या पावसाळ्यात चष्मा विसरलो म्हणून कोपऱ्यावरून परत फिरलो. स्वयंपाकघरातून घर्रर्र आवाज आला. अडतीस वर्षे मशीन ऐकली आहे, कान चुकत नाही. भंगारात टाकलेली ती सेलची गिरणीच; नंतर पाहिले, तर पोह्यांच्या डब्यात लपवलेली होती. आवाज थांबेपर्यंत मी बाहेर उभा राहिलो, मग खोकून आत गेलो. ती म्हणाली, "बरं झालं आले. थोडे मिरे दळून देता का?" मी पितळी काढून दहा फेऱ्या फिरवल्या. नंतर सेलच्या दुकानवाल्या खुशालने विचारले, "वहिनी दर दोन महिन्यांनी चार सेल नेतेत, कायले लागतेत?" मी म्हणालो, घड्याळाला.

दळून देणे हे घरातले माझे एकच काम उरले आहे. ते तिने माझ्यासाठी शिल्लक ठेवले. मला त्या दिवशी रडू आले, हेही लिहून ठेवतो.

तरी सत्यभामाबाईने माझ्यामागे ती गिरणी डब्यातून काढून ओट्यावर ठेवावी आणि उघडपणे वापरावी. सेलचे बारा जोड देवघराच्या खणात ठेवले आहेत. आणि निकेश, आईचा हात चालत नाही ही सबब यापुढे घराच्या बाबतीत सांगू नये. तो हात तूच पाठवला आहेस.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.
जागेश्वर यादोराव तितिरमारे

साक्षीदार:
१. भैय्यालाल, कारधा. (कलम ३ वाचले. बत्ता आणून दिला. पलंगाखाली होता.)
२. खुशाल, सेल व घड्याळ दुरुस्ती, तुमसर. (वहिनीले सांगणार नाही.)

ठिकाण: खुशालचे दुकान, तुमसर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५