समोरचे दोन दात

१४ तारीख, रविवार, दुपार

बाबांना नमस्कार. साष्टांग नाही, नुसताच. मी बरा आहे. तुम्ही कसे आहात ते ताईनं कळवलंय, म्हणून विचारत नाही.

काम चालू आहे. ही तिसरी जागा. उंच इमारतींना बाहेरून एसी टांगतो. दोरावर लटकायचं, भिंतीला भोक पाडायचं, बोल्ट ठोकायचा. मुकादम म्हणतो, तू वर्षभर टिकलास तर मी मिशी काढीन.

ताईनं तुमच्या तोंडाचा फोटो पाठवला. हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दोन दातांपैकी एक हलतोय, हिरडीतून पू येतोय. तुम्ही तिला म्हणालात, "त्यानं मारलं तेव्हाच आतलं हाड खिळखिळं झालं, त्यावर काय टिकणार?" चार वर्षं मी घरी येत नाही ते कामामुळे नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पण तिनं आणखी एक फोटो पाठवला. आपल्या सोफे मढवायच्या दुकानात कापडाच्या नमुन्यांत तुम्ही दडवलेला कागद. दातांच्या डॉक्टरचा, आपल्या भांडणाच्या आठ महिने आधीचा. हिरड्यांचा जुना आजार, पायोरिया. हाड झिजलंय. वरचे समोरचे दोन दात हलतात, काढावे लागतील.

म्हणजे दात आधीच हलत होते, बाबा. माझ्या हातानं काढून घेतलेत तुम्ही.

आणि ताई सांगते, नवे बसवताना डॉक्टरांनी विचारलं, आधीचे कसे गेले, तर म्हणालात मुलानं पाडले. पायोरियाचं विचारलं, तर म्हणालात कधीच नव्हता. त्यांना शंका आली असणार, कारण दर तीन महिन्यांनी हिरड्या दाखवायला या म्हणून बजावलं होतं. तुम्ही एकदाही गेला नाहीत. कशाला जाल? तुम्हाला आजार नव्हताच, तुम्हाला मुलगा होता.

मी सातवीच्या पुढं गेलो नाही, पण एवढं कळतं. भिंतीत ओल असली तर आधी सांगायची. लपवून बोल्ट ठोकला तर आज धरतो, नंतर सगळं घेऊन खाली येतो. पायोरिया झालेल्याला दात बसवता येत नाहीत असं नाही. इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. बसतात, बऱ्याच जणांचे कितीतरी वर्षं टिकतात. धोका मात्र जास्त, म्हणून आधी हिरड्या बऱ्या करायच्या आणि मग जन्मभर लक्ष ठेवायचं.

बाईंकडे का गेलो, तर ब्रश करताना रक्त येतं. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, घरात कुणाला हिरड्यांचा त्रास? मी म्हणालो, नाही, वडिलांचे दात मीच पाडले. काल परत जाऊन खरं सांगितलं. माझंही हाड झिजायला लागलंय. सव्विसाव्या वर्षी. त्या उत्तरापायी वर्ष फुकट गेलं.

आता माझं. तुम्ही मला गिऱ्हाइकासमोर ऐतखाऊ म्हणालात आणि मी मारलं. सोफ्याला ठोकायला तुम्ही ओठांत धरलेले बारीक खिळे रक्तासकट खाली सांडले. मी ते वेचले नाहीत, बॅग उचलून निघालो. दात पडायचे होते की नव्हते, हात माझाच होता. त्याची माफी मागतो. दातांची नाही मागणार.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर बघणार आहेत. हलणारा बहुतेक जाईल, दुसरा अजून वाचेल, पण त्यांना खरं कळलं तर. कागद घेऊन स्वतः जा. ताईला पुढं करू नका, ती बिचारी दोघांमध्ये पिचून गेली. लाज वाटेल, वाटू दे. मला चार वर्षं वाटली.

डॉक्टरांना खरं सांगितलंत की तुमच्या हातानं दोन ओळी लिहा. मिळाल्या की मी निघतो. नाही लिहिल्यात तर मी समजून जाईन की तुम्हाला दातांपेक्षा माझा गुन्हा जास्त हवाय.

तुमच्यावर चिडलेला
आणि तुमच्याच हिरड्या घेऊन जन्मलेला,
तुमचा मुलगा