राहिलेला राब

बा, यंदा आपल्या पाड्यामागचा डोंगर पेटला होता. घरं सगळी उभी आहेत, हे आधीच सांगतो, कारण मला स्वतःला शेवट कळेपर्यंत धीर निघत नाही. तो माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. शाळा सुटली त्या उन्हाळ्यात तू मला राब भाजायला नेलंस. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, फांद्या, पाला अंथरलेला. तू चिमूटभर राख हवेत सोडतोस, ती जिकडे जाते त्या टोकाला काडी लावतोस. मग आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू मागे सरकते. मी तरीही पळतो. तू मानेला धरून परत आणतोस. "आगीला भी, पन पाठ नको दावू. पाठ दावली का ती धावते." आणि राख निवेपर्यंत बांधावर बसवतोस, हातात गुळाचा खडा देऊन.

गेल्या काही वर्षांत उन्हाळा लागला की डोंगरावर वणवा दिसतोच. कोण लावतं, कळत नाही. म्हणून यंदा माझ्या सुनेने पाड्यातल्या बायकांना गोळा केलं. सगळ्यांनी राब पायथ्याला एका ओळीत घालायचा आणि होळी झाली की भाजून टाकायचा. जमीन काळी झाली की वणव्याला खायला काही उरत नाही. सगळ्यांनी भाजला. माझाच राहिला. एक दिवस वारा मोठा वाटला, एक दिवस माझीच छाती धडधडत होती. सून रोज आठवण करायची. शेजारीण म्हणाली, "म्हाताऱ्याला राब म्हंजे पापड वाटतान. नुसता ऊन दावतंय."

आणि एका सकाळी डोंगर पेटला. सकाळचा वारा वरून खाली येतो, त्याच्याबरोबर आगही खाली आली. सोपाऱ्याहून बंब निघाला, पण पाड्यापर्यंत त्याला वाट नाही, तो खालच्या रस्त्यावरच अडकला. वनखात्याची माणसं आणि आमच्या बायका करंजाच्या ओल्या फांद्यांनी झोडपत होती. काळ्या पट्ट्याशी येऊन आग खरंच थांबत होती. मधे फक्त माझा राब, वाळून कडकडीत झालेला. त्याच्यामागे पेंढ्याची उडवी, उडवीमागे घरं.

"पाणी मारा," मी म्हणालो.

"हंड्याने?" सून म्हणाली. "बाबा, वरची आग पोचायच्या आत हा आपणच भाजायचा. कुठल्या टोकाने ते सांगा."

मी राख उचलून सोडली. ती घरांकडे गेली.

"घरांकडच्या टोकाने."

"येडा झाला, खुलावला हा," शेजारीण म्हणाली. पण फांदी घेऊन माझ्यामागे उभी राहिली. सगळ्याच राहिल्या. ठिणगी मागे उडाली की फटका. माझी आग वाऱ्याविरुद्ध चढत गेली, वरची उतरत आली, दोन्ही भेटल्या, एकदा माणसाच्या वर ज्वाळ उठली आणि मग दोघींनाही काही उरलं नाही. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला आणि धूर उलटा डोंगरावर गेला. उरलेली आग वनखात्याच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत विझवली.

आता त्या काळ्या उतारावर कोंब दिसतात. शेजारच्या पाड्यातल्या बायका ओळ बघून गेल्या, पुढच्या वर्षी त्यांचीही आमच्या ओळीला जोडणार आहेत. मला आतापासूनच काळजी लागली आहे की जोड नीट बसेल की नाही. पण माझा राब पहिला भाजायचा, असं मी सांगून ठेवलं आहे.

बा, मी पाठ दाखवली नाही. पाड्यात सांगतात की म्हाताऱ्याने आग लावली म्हणून घरं वाचली, आणि मी मान डोलावतो. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगतो. माझी पहिली काडी मोडली, दुसरीही मोडली. तिसरी सुनेने ओढली. मी फक्त टोक दाखवलं.