उपडा पाटा

मंगळवार, संध्याकाळ. ओमान.

अजान संपली. आता शेळ्या ओरडतायत आणि बाहेर कुणीतरी चाळणीतली माती झटकतंय. रोजचेच आवाज, पण आज त्यांच्यावर काही लिहवत नाय.

दुपारी उत्खननात एका प्राचीन घराच्या कोपऱ्यात दगडी पाटा सापडला. उपडा. सर म्हणाले, लोक घाईत पळाले असतील, तेव्हा उलटला. मी नोंदवहीत तेच लिहिलं.

मग आईचा फोन. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हापासून पेणजवळचं आमचं गाव रिकामं होतंय. आज तीपण निघाली, वडखळला मामाकडे. मागे टेम्पो घरघरत होता.

"सगळं घेतलंस?"

"पाटा ठेवला गो. जड हाय. धुतला नि उपडा घातला. परत आलो की लागंल."

उपडा घातला. पळणारं माणूस पाटा धुवून ठेवतं का?

"तुला काय गावलं आज?"

"खापरं," म्हटलं.

"खापरांसाठी एवढ्या लांब गेलीस व्हय?" ती हसली. मीपण हसले.

फोन ठेवून नोंदवहीतली ओळ खोडली. लिहिलं, यांना परत यायचं होतं.