यंदाची वही कोणाच्या नावाने

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा चष्मे करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गावातल्या डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. यापुढे ‘कोणाच्याही दडपणाखाली नसताना’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते मला लिहिता येत नाही. दडपण आहे. गेले दहा-बारा दिवस दुकानाचं दार वाजलं की आधी काचेतून कोण आहे ते बघतो. मात्र वाटणी कशी करायची हे मला कोणी सांगितलेलं नाही. ती माझ्या मनाची आहे.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली सगळी शिल्लक पत्नीस. घर तिनेच सांभाळलं. मी इतकी वर्षं त्यात फक्त चिखलाचे बूट आणले. परवा ती म्हणाली, “एवढा भित्रा जीव, तर तळ्यावर कशाला जायचं? पक्षीच बघायचे होते तर अंगणात कोंबड्या पाळायच्या होत्या.” तिचं म्हणणं बरोबर आहे, हे इथे लेखी देतो.

२. दुकान, काच घासायचं चाक आणि डोळे तपासायची भिंगांची पेटी मुलीस. पेटीतलं उणे सव्वादोनचं एक भिंग कमी आहे. ते मी फोडलं होतं आणि ती नववीत असताना आळ तिच्यावर घातला होता. तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. चूक माझी होती, माफ कर.

३. दोन डोळ्यांची जुनी दुर्बीण मेहुण्यास. तिच्या डाव्या नळीत बुरशी आहे. मेहुणा अठरा वर्षं सांगत आला आहे की तळ्यावरचा मासेखाऊ गरुड त्याने माझ्याआधी पाहिला. या दुर्बिणीतून घारही गरुड दिसते, तेव्हा त्याची सोय झाली. गरुड मीच आधी पाहिला होता. वेळ सहा बावन्न, वही तेरावी.

४. स्टँडवरची मोठी दुर्बीण गावच्या शाळेस. कपाटात कुलूप लावून ठेवू नये, मुलांना हाताळू द्यावी.

५. वह्या एकूण एकतीस, दर वसंताची एक. त्यातल्या तीस वाचनालयास. पाहुणी बदकं कधी परतली, शेकाट्या किती, टिटवीने अंडी कुठे घातली, सगळं त्यांत आहे.

६. राहिली यंदाची वही. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

थंडी ओसरली की बदकं परतीला लागतात. त्या तीन-चार आठवड्यांत मी दर रविवारी उजाडताच तळ्यावर मोजणी करतो. मोजणीत थवा अचानक उठला तर वेळ आणि कारण लिहायचं, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. या महिन्याच्या पहिल्या रविवारी सात वाजून पाच मिनिटांनी सगळे थापटे, म्हणजे रुंद चोचीची बदकं, एकदम उठले. मी कारण लिहिलं: निळा टँकर, पाइप पाण्यात. मोठ्या दुर्बिणीतून पलीकडच्या काठावरची नंबरपाटी स्वच्छ दिसली, म्हणून नंबरही लिहिला. टँकर रंगाच्या कारखान्याचा, पाइपातून काहीतरी तळ्यात सोडत होता.

इथवर ठीक होतं. पण दुकानात माझा एक फळा आहे. रविवारची मोजणी मी त्यावर खडूने उतरवतो, गिऱ्हाइकं हौसेने वाचतात. त्या दिवशीही सवयीने वहीतलं जसंच्या तसं उतरवलं: थापटे एकशे चाळीस, तलवार बदकं बावीस, सात-पाचला निळा टँकर. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! सोमवारी दुपारी ध्यानात आलं तेव्हा पुसलं. तोवर निम्म्या गावाने वाचलं होतं.

मंगळवारी काठावर बदकं मरून पडली. बुधवारी धुणंवाल्या मावशी दुकानात आल्या. रविवारी टँकर गेल्यावर त्या त्याच काठावर कपडे धूत होत्या आणि घाम आला म्हणून त्याच पाण्याने तोंड धुतलं होतं. म्हणाल्या, “एक चष्मा करून द्या, भाऊ. सगळं धुकट दिसतंय.” मी पेटीतली भिंगं एकेक करून लावली. “आता?” “नाही.” “आता?” “नाही हो.” कुठल्याच काचेचं ते काम नव्हतं आणि का नव्हतं हे मला माहीत होतं. मी “मोठ्या दवाखान्यात जा” एवढंच म्हणालो.

गुरुवारी कारखान्याचे मालक आले. “दांडी सैल झालीय, जरा आवळून द्या.” माझ्या हातून स्क्रू दोनदा पडला. दोन्ही वेळा त्यांनीच वाकून उचलून दिला. “पक्षी बघता म्हणे तुम्ही. छान छंद आहे. पण काका, या वयात तळ्यावर एकट्याने जाऊ नये. पाय घसरतो.” असं म्हणून ते कोऱ्या फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. शुक्रवारी सकाळी दुकानाच्या कुलपाला मेलेला थापट्या लटकत होता. पायाला बांधलेली दोरी नवीकोरी होती. त्यानंतरच्या रविवारी मी तळ्यावर गेलो नाही. एकतीस वर्षांत मोजणी पहिल्यांदा चुकली.

काल मावशींची सून आली होती. मावशींचा उजवा डोळा गेला. डावा वाचेल, पण पाण्यात नेमकं काय होतं ते कळलं तरच पुढचे उपचार ठरवता येतील, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात. कारखाना म्हणतो, आमचा टँकर तिकडे गेलाच नाही. सुनेने मला विचारलं, “तुमच्या फळ्यावर काहीतरी लिहिलं होतं म्हणतात. काय होतं हो?”

“बदकं,” मी म्हणालो.

तळ्याच्या चौकशीचे सरकारी साहेब गावात आले आहेत. जबाब द्यायचा आज शेवटचा दिवस, अकरा वाजता. ‘ही वही माझ्या पश्चात अधिकाऱ्यांकडे सादर करावी’ असं लिहायला मी बसलो होतो. मेल्यावर मला कोण काय करणार! पण सादर करणार कोण? पत्नी माझ्याच काळजीने ती चुलीत घालेल. मुलगी लेकुरवाळी आहे. मेहुण्याचा मुलगा त्याच कारखान्यात नोकरीला. शेजारचा शिंपी तिथल्या कामगारांचे गणवेश शिवतो. ज्याच्या नावाने वही लिहीन, त्याच्या दाराला उद्या बदक लटकेल. वर चार जण लिहून खोडले आहेत, प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी छोटी सही आहे. आणि मी मरेपर्यंत मावशींचा डोळा थोडाच थांबणार आहे?

सबब, यंदाची वही कोणासही दिलेली नाही. ती मी स्वतः घेऊन जात आहे.

भीती तसूभरही कमी झालेली नाही. सकाळपासून तीनदा लघवीला जाऊन आलो. परत आलो नाही तर वरची पाच कलमं लागू समजावीत. मात्र आधी मावशींच्या घरी जाईन. त्यांच्या सुनेला खरं उत्तर द्यायचं राहिलं आहे. मग मावशींना दिसत नाही म्हणून हाताला धरून साहेबांसमोर नेईन.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचू दिलेलं नाही, ते फक्त मला सही करताना पाहणार आहेत. त्यांना मजकूर ठाऊक नाही, ही गोष्ट संबंधितांनी ध्यानात ठेवावी. शिंप्याने विचारलं, “कशावर सही घेताय?” मी म्हणालो, “वाचू नकोस, नुसता बघ.” तो म्हणाला, “अहो, पण हात किती कापतोय तुमचा! नंतर करा सही.” मी म्हणालो, “नंतर नको. कापू दे. सही माझीच आहे.”

स्थळ: चष्म्याचं दुकान
दिनांक: तेरा मार्च, शुक्रवार, सकाळी सव्वादहा

(सही) चष्मेवाला

साक्षीदार:
१. (सही) शिंपी, शेजारचा गाळा
२. (सही) डॉक्टर, गावचा दवाखाना