शटर खाली, लूम चालू

मंगळवार, संध्याकाळ

समीरशी आज फोनवर भांडले. मराठेशाहीवरचा गेम आम्ही दोघं बनवतोय आणि याला प्रत्येक सरदाराच्या निष्ठेचा एकच आकडा हवा. म्हणे, "हुकूम पाळेल नाहीतर बंड करेल. तिसरं काय असतं?"

तिसरं काय असतं? ये म्हणावं इथे आमच्या धामणकर नाक्याला, यंत्रमागांच्या वस्तीत. काल संघटनेच्या मीटिंगमध्ये लूम बंद ठेवायच्या बाजूने सगळ्या लूममालकांनी हात वर केले, अब्बांनी सर्वांत आधी. आज सगळीकडे शटर खाली आणि आत लूम चालू. यात बंड कुठाय? आणि हुकूम तरी कोणी पाळला?

माझे सरदार असेच वागणार. तो एक आकडा मी ठेवणार नाही. समीरने गेम सोडला तरी चालेल.

खाली आमच्या लूमचा खटखटाट चाललाय आणि अब्बा फोनवर संघटनेच्या अध्यक्षांना सांगतायत, "हो साहेब, कडकडीत बंद."