डोंगा बुडेल किंवा बुडणार नाही

मु. वैनगंगाकाठ, ता. सावली
१९ जानेवारी १९८६

आदरणीय बायनावहिनी,

तुम्हाला आणि देवरावभाऊला पत्रूचा मनापासून जयभीम. तुमचा खोकला कसा आहे? भाऊच्या जिनिंगमधला कापूस त्याच्या कपड्यांवरून घरात येतो तोवर तो काही पूर्ण जायचा नाही, तेव्हा अडुळशाचा काढा सोडू नका. मी खुशाल आहे (थोडी सर्दी आहे, तिचं कारण पुढे येईल). तुमची दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावू नका. गेला पंधरवडाभर मी नदीवर होतो. मास्तर माणूस नदीवर काय करत होता, असं तुम्ही विचाराल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

यंदा दहावीला संभाव्यता शिकवायची होती. त्यासाठी आम्हा गणिताच्या मास्तरांचं तीन दिवसांचं शिबिर चंद्रपुरात झालं, पण मला जागा मिळाली खिडकीजवळ, आणि खिडकीबाहेर सावरीचं एक मोठं झाड उभं होतं (माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, लहानपणी मी गाईमागे निघून आंधळ्यासारखा दुसऱ्याच गावात पोचलो होतो). त्यामुळे मी परत आलो तो एवढंच घेऊन, की नाणं उडवलं तर दोनच गोष्टी शक्य, छापा किंवा काटा, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता एक छेद दोन. तेच वर्गात सांगत होतो. बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्यांत बगळे उतरत होते, इतके सावकाश, की जणू खाली जमीन आहे याची त्यांना खात्री नव्हती. तेवढ्यात सुकरी उठली. ही नावाड्याची, झाडू ढिवराची मुलगी. फळ्याकडे बघणारी वर्गात एकटी तीच.

"गुरुजी, माहा बाप डोंगा चालवते. डोंगा बुडते नाईतर नाई बुडत. दोनच गोष्टी. मंग बुडाची संभाव्यता अर्धी काय?"

मी बगळ्यांकडे बघत म्हणालो, "हो, बरोबर. बस खाली."

वहिनी, माझ्या तोंडून निघालेलं एवढं छोटं वाक्य आजवर इतक्या दूर कधी गेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गुरुजीनं पुस्तकात पाहून सांगितलं, झाडूचा डोंगा दोनातून एकदा बुडते. पलीकडच्या काठाला शुक्रवारचा बाजार भरतो. त्या शुक्रवारी डोंग्यात कोणी बसलं नाही. वांगी विकणारी सुगंधाबाई डोक्यावर टोपलं घेऊन पुलाकडून निघाली, म्हणजे तीन कोसांचा फेरा. मी शाळेच्या ओट्यावरून तिला जाताना पाहिलं आणि मनात म्हटलं, आज बाई फिरायला कुठे निघाली.

तिसऱ्या दिवशी झाडू घरी आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो दारात उकिडवा बसला. मग म्हणाला, "गुरुजी, माह्या बापानं डोंगा चालवला, मी वीस वर्सं चालवून राह्यलो. कोणाचं धोतर ओलं नाई झालं. तुमी एका दिवसात बुडवला."

तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. त्याच पानावर, दुसऱ्याच ओळीत, शिबिरातल्या सावरीनं माझ्यापासून लपवलेला शब्द होता, समसंभाव्य. शक्य गोष्टी किती, हे मोजून भागत नाही. त्या सगळ्या सारख्याच शक्य आहेत का, हे आधी पाहावं लागतं. नाण्याच्या दोन बाजू सारख्या असतात. बुडणं आणि न बुडणं या डोंग्याच्या दोन बाजू नव्हेत. दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली आणि एका बाजूनं घासलेला चिंचोका सुकरीच्या हातात दिला. तिनं तो शंभरदा टाकला. पांढरी बाजू चौसष्टदा वर आली. दोनच गोष्टी, पण अर्धी कोणतीच नाही. वर्गाला पटलं. गावाला मात्र चिंचोक्यात बसून बाजाराला जायचं नव्हतं.

म्हणून मी झाडूला शब्द दिला, की मी स्वतः रोज डोंग्यात बसेन, सकाळी शाळेआधी एकदा जाऊन येईन, शाळा सुटल्यावर एकदा, आणि सुकरी काठावर वहीत लिहील, किती खेपा झाल्या आणि किती बुडाल्या. (मला पोहता येत नाही हे मी झाडूला सांगितलं नाही. त्याला ते माझ्या बसण्यावरून पहिल्याच खेपेत कळलं.)

त्या खेपांचं काय सांगू वहिनी! पहाटेचं धुकं पाण्यावरून उठतं तेव्हा दोन्ही काठ नाहीसे होतात. झाडूचा बांबू पाण्यात शिरल्याचा आवाज येतो, आपण कुठे जातो आहोत असं वाटत नाही, नदीच कोणीतरी हळूहळू खालून ओढून नेतं आहे असं वाटतं. मग एखादी रेतीची दांडी अचानक समोर येते, तिच्यावर बदकं बसलेली, ती आपल्याकडे बघून उडतही नाहीत. मी कितीदा तरी खेप मोजायची विसरलो. सुकरी विसरली नाही.

डोंग्यात माझ्याशिवाय एकच माणूस असे, उपकेंद्रातल्या नर्स कमळाबाई. लशीचा थर्मास मांडीवर धरून त्या पलीकडच्या गावांना जात. त्यांनी गावाच्या भीतीकडे पहिल्या दिवसापासून लक्षच दिलं नव्हतं. मी त्यांना समसंभाव्य समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाच वर्सं झाली सर, मी जाऊन राह्यली. एकदाबी अर्धी बुडली नाई." शंभरदा टाकलेला चिंचोका एका वाक्यात सांगून झाला होता.

पंधरा दिवसांत साठ खेपा झाल्या. बुडाल्या शून्य. सोळाव्या दिवशी शुक्रवार होता. काठावर सुगंधाबाईसह सगळं गाव टोपल्या घेऊन उभं, अजून कोणी बसायला तयार नाही. एकसष्टाव्या खेपेला डोंगा नुकताच काठावरून सुटत होता. मला इतकं भरून आलं, की सगळ्यांना दिसावं म्हणून मी डोंग्यात उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "शून्य!"

पुढचं मी पाण्याखालून ऐकलं.

पाणी कमरेएवढं होतं. झाडूनं मला सदऱ्याला धरून वर काढलं. कमळाबाई थर्मास डोक्यावर धरून स्वतःच चालत काठावर आल्या. कोणी हसलं नाही, हे फार वाईट. मला वाटलं, संपलं, आता झाडूच्या डोंग्यात कोणी कधी बसणार नाही. मी सदरा पिळत सुकरीला म्हणालो, "लिही, एकसष्टात एक. खोटं लिहायचं नाही." तिनं वही मिटली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, डोंगा बुडला नाई, तुमी बुडवला. तुमाले सोडून मोजलं का शून्यच."

सुगंधाबाईनं टोपलं उचललं आणि झाडूला विचारलं, "गुरुजी नाई ना बसत आता?" झाडू म्हणाला, "आता काय, कधीच नाई." ती चढली. मग बाकीचे चढले. दोन फेऱ्यांत गाव बाजाराला गेलं. मी काठावर ओल्या सदऱ्यानं उभा राहून हात हलवत होतो. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

भाऊला जपा. कळावे.

आपला,
पत्रू

ता. क. डोंग्यात बसायला मला जन्माची बंदी आहे. काठावर उभा राहिलो तरी झाडू लांबून हात दाखवतो.

ता. क. वहिनी, खेपा सात-आठांतच पुरेशा झाल्या होत्या. बाकीच्या मी, चढता-उतरताना थर्मास धरायला मिळावा म्हणून केल्या. कमळाबाईंचे वडील गोंडपिपरीला राहतात. तुम्ही आणि भाऊ एकदा जाऊन लग्नाचं बोलाल का? मी नेलं तर बस चुकेल.

ता. क. पत्र टाकायला निघालो होतो, कमळाबाई सर्दीच्या गोळ्या द्यायला आल्या आणि त्यांनी हे सगळं वाचलं. म्हणाल्या, पाणी कमरेएवढं नव्हतं, पोटरीएवढं होतं, तुम्ही बसून होते. मग म्हणाल्या, "बापाले विचाराच्या आधी मले काऊन नाई विचारलं?" म्हणून विचारलं. वहिनी, एकदाच विचारलं. पुन्हा करून पाहायची गरज पडली नाही.