बुधवारच्या गोळ्या

उलरिकाताई,

तुरुंगातून सुटलेल्या आयांच्या या घरात मला खोली मिळाली, आणि तीन वर्षं तू सांभाळलेली माझी लेक तूवा बुधवारी पहिल्यांदा इथे आली. मी वाडगाभर गोळ्या मांडल्या होत्या.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली. "गोड शनिवारीच खायचं. आई रागावते."

आई म्हणजे तू. लहानपणी मलाही असंच दटावायचीस. पण तुरुंगात सगळे वार सारखेच, मी विसरले.

तिने गोळ्या खिशात भरल्या, एक माझ्या हातावर ठेवली. "तूपण शनिवारीच खा हं."

तुझ्याकडे तिचा एखादा शनिवार मागायला हे पत्र लिहायला बसले होते. नाही म्हणशील, म्हणून हे पाठवत नाही. आज शनिवार. ती तुझ्या स्वयंपाकघरात खात असेल, म्हणून मीही तिने दिलेली गोळी तोंडात टाकलीय. चावत नाहीये, नुसती जिभेवर धरून बसलेय.

तुझी धाकटी,
रेबेका